ॲडमिशन हातात, पैसा अधांतरी

मार्च महिना उजाडला की आपल्या हॉस्टेलमध्ये फायनल इयरचे दोन गट पडतात. एक गट प्लेसमेंटच्या नोटीस बोर्डासमोर उभा असतो आणि दुसरा मोबाईलवर सारखा ईमेल उघडून बघत असतो. या दुसऱ्या गटातल्या कुणाला ‘अभिनंदन’वाला मेल आला की सगळी विंग गोळा होते, वडापावची पार्टी उकळली जाते, घरी फोन जातो. मग दोन दिवसांनी तोच मेल शांतपणे वाचला की कळतं, एम.एस.ची ॲडमिशन तर मिळाली आहे, पण पैशांबद्दल एकच ओळ आहे: आर्थिक साहाय्याचा निर्णय नंतर कळवण्यात येईल. आणि गंमत म्हणजे होकार कळवायची तारीख त्या ‘नंतर’च्या आधीची!

बोईसरच्या बाजारात बोंबलाचा वाटा घेतानासुद्धा आपण आधी भाव विचारतो. इथे मात्र तीस-चाळीस लाखांचा व्यवहार भाव न कळता करायचा. डोक्याला शॉट नाही तर काय?

मी थर्ड इयरला आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे नात्यातल्या आणि बिल्डिंगमधल्या दादा-ताईंची ही इंग्रजी पत्रं त्यांच्या आई-बाबांना मराठीत वाचून दाखवायचं काम दोन वर्षांपासून माझ्याकडे आलं आहे. त्यातून, आणि सिनियर्सना छळून, जे समजलं ते इथे मांडते आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं की, होकार देताना मदत मिळणार नाही असं धरून हिशोब करा, आणि कर्जाच्या कागदावर ज्यांची सही लागणार आहे त्यांना तो हिशोब त्यांच्या भाषेत दाखवा.

दोन पत्रं, दोन मालक

आपल्याला वाटतं की युनिव्हर्सिटी म्हणजे एकच कुणीतरी आहे आणि तिने हात आखडता घेतला आहे. प्रत्यक्षात ॲडमिशनचं पत्र आणि पैशाचं पत्र वेगवेगळ्या हातांतून येतं. मार्क, जी.आर.ई., शिफारसपत्रं पाहून ॲडमिशन ठरते. पैसा मात्र तीन-चार ठिकाणी विखुरलेला असतो.

टीचिंग असिस्टंटशिप म्हणजे ज्युनिअर मुलांचे लॅब घ्यायचे, पेपर तपासायचे आणि बदल्यात फी माफी व महिन्याचा पगार घ्यायचा. पुढच्या सत्रात किती मुलं कोणता विषय घेतील आणि बजेट किती मिळेल यावर या जागा ठरतात. रिसर्च असिस्टंटशिप प्रोफेसरांच्या प्रोजेक्टच्या पैशातून येते, म्हणजे त्यांना ग्रँट मिळाली तर तुम्हाला जागा. शिवाय बहुतेक डिपार्टमेंट आधी पीएच.डी.वाल्यांना देतात आणि एम.एस.वाल्यांचा नंबर मागून लागतो. पहिल्या यादीतल्या मुलांनी हो-नाही कळवेपर्यंत दुसऱ्या यादीला काय सांगायचं हे डिपार्टमेंटलाही माहीत नसतं. त्यामुळे ‘नंतर कळवू’ हे दर वेळी टोलवाटोलवीचं उत्तर नसतं.

आणि पैसा आटला तर ॲडमिशनही हलते. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत संशोधनाच्या सरकारी निधीबद्दल अनिश्चितता आली, तेव्हा युमास चान मेडिकल स्कूलने आधी दिलेल्या पीएच.डी.च्या ऑफर मागे घेतल्या होत्या. मुलांची त्यात काही चूक नव्हती.

१५ एप्रिलची भानगड

‘१५ एप्रिलपर्यंत काही सांगावं लागत नाही’ हे वाक्य तुम्ही कुठल्या तरी सिनियरकडून ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे.

अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स नावाची संस्था आहे. तिच्या एका ठरावावर अनेक युनिव्हर्सिट्यांनी सह्या केल्या आहेत. ठराव असा की, ज्या विद्यार्थ्याला आर्थिक साहाय्यासह ऑफर दिली आहे त्याच्यावर १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याची सक्ती करायची नाही. ‘आर्थिक साहाय्यासह’ या दोन शब्दांत सगळी मेख आहे. नुसती ॲडमिशन मिळालेल्याला हा ठराव लागू नाही. त्याला युनिव्हर्सिटी १ एप्रिलची तारीख देऊ शकते, मार्चची देऊ शकते आणि डिपॉझिटही मागू शकते. हे डिपॉझिट बहुतेक वेळा परत मिळत नाही.

म्हणून पहिलं काम हे की, आपल्या युनिव्हर्सिटीने त्या ठरावावर सही केली आहे का ते कौन्सिलच्या यादीत पाहायचं आणि आपल्या पत्रात पैशाचा उल्लेख नेमका कोणत्या शब्दांत आहे ते वाचायचं. ‘साहाय्यासाठी विचार केला जाईल’ ही काही ऑफर नव्हे. रक्कम, किती सत्रांसाठी आणि कोणत्या अटीवर, हे तिन्ही लिहिलेलं असेल तरच ती ऑफर.

बाबासाहेबांचं उदाहरण

हा प्रश्न काही आपल्या पिढीला पहिल्यांदा पडलेला नाही. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची असा करार. म्हणजे रक्कम, मुदत, अट सगळं आधी कागदावर.

पुढे १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन इथे दाखल झाले. ॲडमिशन होती, बुद्धी होती, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परत यावं लागलं. मात्र येण्याआधी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिलं, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

आपण कुठे आणि ते कुठे, हे खरंच. पण यातली एक गोष्ट आपल्यालाही करता येते. पैसा नाही म्हणून जागा सोडावी लागली तर ती कायमची न सोडता, पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येईल का हे विचारायचं. याला आज ‘डिफरल’ म्हणतात. सगळ्या युनिव्हर्सिट्या देत नाहीत, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

आधी कोंबडी की आधी अंडं

आता आपल्याकडच्या शिष्यवृत्त्या. महाराष्ट्र सरकारच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आदिवासी विकास विभागाची आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाचीही तशीच योजना आहे. आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी विद्यार्थ्यांनी डहाणू किंवा जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन नीट चौकशी करावी. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वर्षाला २० जणांना मिळते. त्यातल्या ३ जागा विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी राखीव आहेत, आणि आपल्याकडचा कातकरी समाज त्या गटात येतो. हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

पण इथेही तारखांचा घोळ आहेच. या योजनांच्या जाहिराती बहुधा उन्हाळ्यात निघतात आणि निकाल त्याच्याही नंतर लागतो. विनाअट ऑफर लेटर असेल तर अर्ज भक्कम होतो. आणि अनेक युनिव्हर्सिट्या, विशेषतः इंग्लंडमधल्या, डिपॉझिट भरल्याशिवाय पुढची कागदपत्रं देत नाहीत. म्हणजे शिष्यवृत्तीसाठी ॲडमिशन पक्की हवी आणि ॲडमिशन पक्की करायला पैसा हवा. आधी कोंबडी की आधी अंडं?

शिवाय यादीत नाव आलं म्हणजे पैसे आलेच असं नाही. २०२५ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी १०६ जणांची निवड झाली. पण पहिल्या फेरीत ४० जणांनाच पत्रं मिळाली आणि उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र मिळेल असं सांगण्यात आलं. सप्टेंबरमध्ये कॉलेज सुरू होणार आणि जुलैत हे उत्तर! त्या मुलांची काय अवस्था झाली असेल, विचार करा.

खासगी ट्रस्टचंही वेळापत्रक साधारण असंच. जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी मदत करते आहे. पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. पण ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, म्हणजे परत फेडायची असते. के. सी. महिंद्र ट्रस्टचीही बिनव्याजी का होईना, पण फेडायचीच. अर्ज जरूर करा, पण १५ एप्रिलच्या हिशोबात ते पैसे धरू नका.

आणखी एक सावधगिरी. जुन्या सिनियर्सच्या यादीतली प्रत्येक योजना आज चालू असेलच असं नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जाचं व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. २०२४ मध्ये आलेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना चांगली आहे, पण ती भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही.

बँक, वाडी आणि फ्लॅट

मदत नाही आली तर उरतं कर्ज. इथे पालघर-बोईसरच्या घरांची अडचण मुंबईच्या घरांपेक्षा वेगळी आहे.

बँकांच्या संघटनेच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार साडेसात लाखांच्या वर तारण लागतं, आणि परदेशासाठी साधारण १५ टक्के रक्कम घरची घालावी लागते. तारण काय देणार? डहाणू-घोलवडकडे चिकूची वाडी असते, पालघर-केळव्याकडे भाताची शेती असते. बाजारभावाने ती लाखोंची, काही ठिकाणी कोटींची. पण २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेता येतं, आणि शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे. त्यामुळे शैक्षणिक कर्जाला शेतजमीन घ्यायला बँका नाखूष असतात. आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर जमीन महसूल संहितेची बंधनं आहेत, ती त्यांच्या संरक्षणासाठीच आहेत, पण बँक त्यामुळे आणखी मागे सरते. गावठाणातलं घर पिढ्यान्‌पिढ्यांचं असलं तरी त्याचे कागद अनेकदा अपुरे निघतात. आणि जे कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहतात, त्यांचं ते घर स्वतःचं नसतंच.

मग एम.आय.डी.सी.त वीस-पंचवीस वर्षं शिफ्ट करून घेतलेला फ्लॅट पुढे येतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका ताईच्या घरी हेच झालं. तिला दोन ऑफर होत्या. एक नावाजलेल्या युनिव्हर्सिटीची, मदतीबद्दल ‘नंतर कळवू’. दुसरी कमी नावाच्या युनिव्हर्सिटीची, पण अर्धी फी माफ असं लेखी. मी दोन्ही पत्रं काकांना मराठीत वाचून दाखवली. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, “हप्ता थकला तर हे घर जाणार ना?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “मग तसं सांग ना आधी. सही मी दोन्हीवर करीन, पण कशावर करतोय ते मला कळू दे.” ताईने त्या रात्री हिशोब मांडला आणि दुसरी ऑफर घेतली. पहिल्या युनिव्हर्सिटीचं मदतीबद्दलचं उत्तर मे महिन्यात आलं. नकाराचं होतं.

उत्तर होकाराचं आलं असतं तर तिला चुटपुट लागली असती, हेही खरं. पण एप्रिलमध्ये जेवढं माहीत होतं तेवढ्यावर तिचा निर्णय बरोबरच होता.

तीन रकान्यांचा हिशोब

तो हिशोब कसा मांडायचा ते सांगते. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुम्ही तुमच्या पत्रातले टाका. समजा वर्षाची फी २०,००० डॉलर, राहण्या-जेवणाचा खर्च १४,००० डॉलर आणि डॉलर ९० रुपयांचा.

पहिला रकाना, काहीच मदत नाही. वर्षाला ३४,००० डॉलर म्हणजे ३०.६ लाख. दोन वर्षांचे ६१.२ लाख.

दुसरा रकाना, अर्धी फी माफ. वर्षाला २४,००० डॉलर म्हणजे २१.६ लाख. दोन वर्षांचे ४३.२ लाख.

तिसरा रकाना, पूर्ण असिस्टंटशिप. फी माफ आणि पगारात राहणं-जेवण निघतं. घरून जातो तो विमानाचा, विम्याचा आणि सुरुवातीच्या सामानाचा खर्च.

आता दुसऱ्या रकान्यासाठीसुद्धा ४० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी काढलं, तर शिकत असताना वर्षाला ४.२ लाख नुसतं व्याज चढतं. ते वेळच्या वेळी भरत गेलात आणि मग दहा वर्षांत कर्ज फेडायचं म्हटलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे ५४,००० रुपये पडतो. या हप्त्याच्या शेजारी घरातला आजचा पगार लिहा. नोकरी लागायला सहा महिने उशीर झाला तर हप्ता कोण भरणार, तेही लिहा. पहिल्या रकान्याचं उत्तर घरच्यांना झेपत असेल तर खुशाल होकार द्या. झेपत नसेल तर त्या ऑफरला मदत मिळेल या आशेवर होकार देऊ नका.

मग आत्ता करायचं काय?

एक, डिपार्टमेंटला साधा, नम्र मेल करा. मदतीचा निर्णय साधारण कधी होतो, एम.एस.च्या मुलांना पहिल्या सत्रात असिस्टंटशिप सहसा मिळते का, आणि उत्तर द्यायची मुदत दोन आठवडे वाढवून मिळेल का, हे तीन प्रश्न विचारा. मुदतवाढ बऱ्याचदा मिळते. जे कळेल ते लेखी घ्या.

दोन, बँकेचं काम जानेवारीतच सुरू करा. टायटल सर्च आणि व्हॅल्युएशनमध्ये आठवडे जातात. कर्ज मंजूर झालं म्हणजे ते उचललंच पाहिजे असं नाही. व्याज लागतं ते उचललेल्या रकमेवर, आणि रक्कम सत्रागणिक उचलता येते. नंतर मदत मिळाली तर कमी उचला. प्रोसेसिंग फी तेवढी जाईल.

तीन, अमेरिकेच्या आय-२० साठी एका वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते, त्यात कर्जमंजुरीचं पत्र चालतं. पुढे असिस्टंटशिप मिळाली तर युनिव्हर्सिटी सुधारित आय-२० देते. सेव्हिस फी ३५० डॉलर आणि व्हिसा फी १८५ डॉलर, या दोन्ही परत मिळत नाहीत, तेव्हा त्या सगळ्यात शेवटी भरा.

चार, एक तरी अर्ज असा ठेवा की जिथे पैशाचं उत्तर ऑफरसोबतच मिळतं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत फी नाही. काही ठिकाणी आता आहे, म्हणून तपासून घ्या. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा) ठेवावे लागतात, पण ते दरमहा आपल्यालाच खर्चाला मिळतात.

पाच, आपला देश विसरू नका. गेट देऊन आय.आय.टी.त एम.टेक.ला गेलात तर महिन्याला १२,४०० रुपये मिळतात. जागा असिस्टंटशिपची आहे की स्वखर्चाची, हे ऑफरमध्येच लिहिलेलं असतं. सी.ओ.ए.पी. पोर्टलवर तर ‘रिटेन अँड वेट’ असा पर्यायच असतो, म्हणजे हातातली जागा धरून पुढच्या फेरीची वाट पाहता येते. परदेशातल्या युनिव्हर्सिट्यांना हे सुचलं असतं तर आपल्या हॉस्टेलमध्ये किती जणांची झोप वाचली असती!

आणि शेवटचं, घरी सांगा. ‘तुम्हाला नाही कळणार, तुम्ही फक्त सही करा’ असं म्हणू नका. ज्यांनी पाळ्या करून, वाडी शिंपून पैसा उभा केला त्यांना व्याज आणि हप्ता आपल्यापेक्षा चांगला कळतो. पत्र इंग्रजीत असलं तरी हिशोब मराठीत मांडता येतो. नाहीच जमलं तर मला हाक मारा, मी लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर असते. फीमध्ये वडापाव चालेल!